चार फुटांचा नक्शा

सौंसर, ९ एप्रिल २०२३

गुलाबदादा, सप्रेम जयभीम.

पाच वर्षांत हे माझं पहिलं पत्र, आणि तेही कामासाठी. फोन तू उचलत नाहीस. एकदा छायावहिनीनं उचलला, घरी नाहीत म्हणाली, आणि तेवढ्यात मागून तुझा खोकला ऐकू आला. म्हणून कागद. कागद तू फेकणार नाहीस. तीस वर्षं तिगावच्या स्टेशनावर काढलेला माणूस तिकिटाचा तुकडाही जपून ठेवतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

काम असं आहे. मला आयकर खात्याची नोटीस आली आहे. २०१७-१८ सालचं माझं जुनं प्रकरण त्यांना पुन्हा उघडायचं आहे. त्या साली माझ्या खात्यात माझी फी सोडून त्रेपन्न लाख रुपये आले, असं ते म्हणतात. मी बस स्टँडमागे बसून लोकांच्या घरांचे नक्शे काढणारा डिप्लोमा इंजिनियर. त्रेपन्न लाख मी कधी एका जागी पाहिलेसुद्धा नाहीत. पण कर, व्याज आणि दंड लागला तर माझं घर आणि ऑफिस दोन्ही विकावी लागतील. शकुंतलानं मला विचारलं, मग राहायचं कुठं. मी म्हटलं, विहारात.

ते पैसे कोणाचे, हे तुला सांगायला नको. विहारासाठी वर्गणी सुरू झाली तेव्हा बँकेनं सांगितलं की आधी समितीची नोंदणी करा, मग खातं उघडा. नोंदणीचे कागद छिंदवाड्याला अडकले होते आणि लोकांचे पैसे तर येऊन राहिले होते. तेव्हा वस्तीतले म्हातारे बापूजी सभेत उठून म्हणाले, "पैसा आपल्या प्रभाकरच्या खात्यात टाका. शिकलेला हाय, कुठी पळून जाते?" सगळ्यांनी मान हलवली. तूही हलवलीस. खजिनदार तूच होतास. आपल्या लोकांत एक जण शिकला की सगळ्या वस्तीचे कागद, अर्ज आणि पैसे त्याच्याच घरी येतात. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

अकरा पावतीपुस्तकं तुझ्याकडे आहेत. ती मिळाली तर पैसा माझा नाही हे मला दाखवता येईल. त्या शेवटच्या सभेत जे झालं त्यात मी शिरत नाही. पोर्चची भानगड आता जुनी झाली. मी तिच्यावर माती टाकली आहे, तूही टाक.

तुझा,
प्रभाकर


सौंसर, २५ जून २०२३

दादा,

पुस्तकं एप्रिलमध्येच पोचली. पांढुर्ण्याच्या बसचा ड्रायव्हर ऑफिसात येऊन गठ्ठा ठेवून गेला. खताच्या पिशवीत गुंडाळलेला आणि सुतळीची ती तुझी गाठ, जी कात्रीशिवाय सुटत नाही. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पिशवी उलटी करून झटकली. नव्हती. तुझा राग मला समजतो, पण दोन ओळी लिहिल्या असत्यास तर काही बिघडलं नसतं.

मी आणि शकुंतला तीन दिवस पावत्या उतरवत होतो. कापूस वेचणाऱ्या बायांच्या दर शनिवारी वीस-वीस रुपयांच्या पावत्या आहेत. संत्रा तोडणीच्या दिवसांत त्याच बायांच्या पन्नासच्या झाल्या आहेत. नागपूर-भिलाईला नोकरीला असलेल्यांच्या हजारांच्या आहेत. आणि तू आपल्या निवृत्तीच्या पैशातून अकरा हजार दिलेस, 'कालकथित आईच्या स्मृतीत'. त्या पावतीवर घेणारा आणि देणारा दोन्ही जागी तुझीच सही आहे. शकुंतला हसली आणि मग ती पावती पुन्हा एकदा वाचली.

माझ्या नावाची पावती मात्र एकाही पुस्तकात नाही. मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो की नक्शा फुकट काढून दिला, देखरेख फुकट केली, हीच माझी वर्गणी. तसं ते खरंही होतं.

अकराव्या पुस्तकात दोन जुन्या चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या अक्षरातल्या, पोर्चच्या सळईच्या. कशा राहिल्या कोण जाणे. चुकून आल्या असतील, म्हणून मी त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

अधिकाऱ्याला मी सगळी यादी पाठवली होती. उत्तर आलं की खुलासा समाधानकारक नाही. यादी उघडून पाहिल्याचं त्यात कुठं दिसत नाही. तेव्हा शीतल म्हणाली, बाबा, आता कोर्टातच जा. पोरगी भोपाळला नोकरी करते, तिथल्या एका मैत्रिणीकडून तिनं जबलपूरची वकील शोधून दिली. नाव हिमानी, वय शीतलएवढंच. सगळं हिंदीत बोलते आणि माझं मराठीतलं हिंदी न हसता ऐकून घेते. हायकोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत कारवाई थांबवली आहे.

तुझा अंकुश सध्या काय करतो?

प्रभाकर


सौंसर, २१ जानेवारी २०२४

दादा,

अंकुश कुठल्याशा ठेकेदाराच्या हाताखाली टाइल्स बसवतो, असं कळलं. बारा खोल्यांची इमारत एकट्यानं उभी करणारा मिस्त्री. असो.

आज तुला एक हसण्यासारखं सांगतो. त्रेपन्न लाखांचं कोडं सुटलं. पायवा भरेपर्यंत आपण विहाराचे बावीस लाख मुदत ठेवीत टाकले होते, आठवतं? मग स्लॅबच्या वेळी ठेव मोडली, ते बावीस परत माझ्या खात्यात आले. खात्यानं काय केलं, पैसे आले तेव्हा एकदा मोजले आणि ठेव मोडून आले तेव्हा पुन्हा मोजले. एकतीस होते, त्रेपन्न झाले. हिमानीनं पासबुकावर बोट ठेवून हे दाखवलं तेव्हा मी तिच्या ऑफिसात खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

ती म्हणाली, यातच तुमची केस आहे. तीन वर्षं उलटून गेल्यावर जुनं साल उघडायचं असेल तर लपवलेली रक्कम पन्नास लाखांच्या वर पाहिजे, असा कायदा आहे. एकतीस लाखांसाठी तो दरवाजा केव्हाच बंद झाला. पैसा कोणाचा, हा प्रश्नच कोर्टाला पडणार नाही.

मी खात्यावर जाम तोंडसुख घेतलं. एवढी शिकलेली माणसं, एवढे कॉम्प्युटर, आणि एकच पैसा दोनदा मोजतात, वर आपल्यालाच चोर म्हणतात. तिनं ऐकून घेतलं. मग फायलीतून त्या दोन चिठ्ठ्या काढल्या. मी त्या वेगळ्या ठेवल्या होत्या, पण शकुंतलानं सगळ्या कागदांसोबत लावून दिल्या होत्या. हिमानीनं सहज विचारलं, "सर, ये पोर्च का सरिया भी दो बार आया है क्या?"

मी म्हटलं, मिस्त्री की गलती थी. ती बरं म्हणाली आणि चिठ्ठ्या मला परत देऊन टाकल्या, याची गरज नाही म्हणून.

छिंदवाड्याच्या बसमध्ये बसलो तेव्हापासून मला तुझी ती सभा आठवत होती. तू एवढंच म्हणाला होतास, प्रभाकर, पासबुक एकदा सगळ्यांना दाखव. आणि मी भर सभेत म्हणालो, "जिंदगीभर झेंडी दाखवली, आता मले हिशोब शिकवतं का?" लोक हसले. तू पिशवीत पावतीपुस्तकं भरलीस आणि उठून गेलास. महिनाभरात घराला कुलूप लावून पांढुर्ण्याला गेलास.

ते मी बोलायला नको होतं. आपले वडील गेल्यावर मला त्यांच्या जागी तू होतास. माझ्या डिप्लोमाच्या तिन्ही वर्षांची फी तुझ्या पगारातून भरली गेली. त्या झेंडीच्या पैशावर मी इंजिनियर झालो. त्या शब्दाची मी माफी मागतो. बाकीचं जाऊ दे.

प्रभाकर


सौंसर, २० फेब्रुवारी २०२५

दादा,

आपण जिंकलो. म्हणजे मी जिंकलो.

कोर्टानं नोटीस रद्द केली. निकाल सहा पानांचा आहे. एकच रक्कम दोनदा धरली, खरी रक्कम पन्नास लाखांच्या आत, म्हणून मुदत संपलेली. पैसा कोणाचा होता यात आम्ही जात नाही, असं शेवटच्या पानावर स्वच्छ लिहिलं आहे. हिमानीनं फोनवर बधाई दिली आणि मी तिला संत्र्याची पेटी पाठवली.

घर वाचलं. शकुंतलानं त्या दिवशी पुरणपोळी केली. मला वाटलं होतं की निकाल लागला की डोक्यावरचं ओझं उतरेल आणि मी झोपेन. पण दुसऱ्या दिवशीपासून लोक ऑफिसात यायला लागले आणि प्रत्येक जण एकच शब्द बोलून गेला. "इंजिनियरसाहेब, मस्त सुटले." कोणी 'जिंकले' म्हणालं नाही, 'खरे ठरले' म्हणालं नाही. सुटले. चहाच्या टपरीवर एक जण तर आपुलकीनं म्हणाला की वकील हुशार पाहिजे, बाकी कोणी काय खाल्लं हे कोण पाहते. मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण मी खरोखरच सुटलो होतो, आणि तेही दुसऱ्यांदा.

तुला हे सगळं माहीत आहे. त्या चिठ्ठ्या चुकून आल्या नव्हत्या, हे मला गठ्ठा उघडला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुला 'चुकून' असं लिहिलं. पण आता ते माझ्या हातानं लिहायचं आहे, म्हणून माहीत असलेलंच सांगतो.

विहाराचा पोर्च सात फूट पुढे काढायचा होता, खाली खांब न देता. अशा पोर्चचं गणित नव्यानं करावं लागतं. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी केलं नाही. सौंसरच्या एका घराच्या छज्ज्याचा माझा जुना नक्शा होता, चार फुटांचा. त्यातलाच सळईचा हिशोब उचलला आणि इथे लावला. का, तर विहाराचं काम फुकटचं होतं. पैसे देणाऱ्यांचे नक्शे टेबलावर पडले होते, ते आधी करायचे होते. फुकट काम करतो म्हणून मी सगळीकडे मान ताठ करून फिरत होतो, आणि फुकट म्हणूनच मी ते वाईट केलं.

अंकुशनं मला विचारलं होतं. सळई बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "काका, हे पातळ नाही वाटून राहिलं का?" मी म्हटलं, मिस्त्रीनं मिस्त्रीपण करावं.

खालचे टेकू आणि सेंट्रिंग काढलं आणि पोर्चचं टोक दोन इंच खाली आलं. मुळाशी भेग पडली. खाली कोणी नव्हतं हे आपलं नशीब. सगळी वस्ती जमली, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडून निघालं की अंकुशनं माल कच्चा बनवला, सिमेंट कमी टाकलं. आधी काही ठरवलं नव्हतं. एकदा निघालं आणि मग ते परत घेता आलं नाही. पोर्च फोडला, पुन्हा भरला. दुसऱ्या वेळी मी गणित केलं आणि सळईची दुसरी चिठ्ठी लिहिली. पहिलीत आठ मिलिमीटरची सळई होती, दुसरीत बाराची. माल कच्चा असता तर माल बदलावा लागला असता, सळई कशाला बदलली असती? हे ज्याला वाचता येतं त्याला त्या दोन कागदांत सगळं दिसतं. तू म्हणूनच पासबुक मागितलंस, दुसऱ्यांदा जाड सळई घेतल्याचं त्यात दिसलं असतं. मी चोरी केली असं तुला वाटलं नव्हतं. मी स्वतःहून बोलावं म्हणून तू मला जागा करून देत होतास.

खात्यानं एकच पैसा दोनदा मोजला म्हणून मी जबलपूरपर्यंत भांडलो. आणि वीस-वीस रुपयांच्या शनिवारच्या पावत्यांतून मी एकच पोर्च दोनदा भरून घेतला. वर पोराचं नाव खाल्लं. सौंसरमध्ये त्याला त्यानंतर कोणी थापीसुद्धा हातात धरू दिली नाही.

कोर्टात हे विचारलं जाणार नव्हतं. आता तर कोणीच विचारणार नाही.

प्रभाकर


सौंसर, १६ मे २०२५

दादा,

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटायच्या आधी मी उभा राहिलो. लोकांना वाटलं निकालाचं सांगतो आहे, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. मग नक्शा कुठून उचलला ते सांगितलं, अंकुशनं काय विचारलं होतं ते सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. जास्त बोललो नाही. पोर्चच्या दुसऱ्या वेळच्या सगळ्या खर्चाची पावती माझ्या नावानं फाडून घेतली. समितीची नोंदणी आता झाली आहे, पैसे समितीच्याच खात्यात भरले. बाराव्या पुस्तकातली ती पहिली पावती आहे आणि माझी आयुष्यातली पहिली.

दूर एका कोपऱ्यातून शेवंताबाईंनी विचारलं, त्याच, शनिवारी वीस रुपये देणाऱ्या. "अंकुशले सांगतलं का हे?"

मी म्हटलं, नाही, आता सांगेन.

"मंग उलटंच केलं न बा. पहिले त्याले सांगाले पाहिजे होतं."

माझी खीर मी शेजारच्या पोराला दिली. माझी सवयच अशी की माफीसुद्धा चार लोकांसमोर मागायची.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला आलो, हे तुला माहीतच आहे. आधी साइटवर गेलो. अंकुश एका बाथरूमच्या फरशीवर उकिडवा बसून टाइल ठोकत होता. मला पाहून उठला, हात पुसले, आणि पाया पडायला वाकला. दादा, मी त्याचे हात धरले तेव्हा ते सिमेंटनं फाटलेले होते. मला जे बोलायचं होतं ते मी त्या अर्ध्या झालेल्या बाथरूममध्ये बोललो.

तो म्हणाला, "मले तं तेव्हाच माहीत होतं, काका."

मी विचारलं, मग बोलला काहून नाहीस? सात वर्षं.

"बाबानं मना केलं. म्हणे, मिस्त्री आपल्या वस्तीत चार हायेत. इंजिनियर एकच हाय. त्याचं नाव गेलं तं पोरायनं कोणाकडं पाहून शिकावं?"

एवढं सांगून तो पुन्हा खाली बसला, कारण टाइलखालचा सिमेंटचा मसाला सुकत होता.

तिथून मी तुझ्या घरी आलो. छायावहिनीनं खुर्ची दिली, चहा दिला, तू झोपला आहेस म्हणाली. भर दुपारी तू कधी झोपत नाहीस. आतल्या खोलीतून तुझा खोकला येत होता आणि मी बाहेर बसून ऐकत होतो. आत यायची माझी हिंमत झाली नाही. तू माझं नाव वाचवायला तुझ्या पोराचं नाव दिलंस, आणि मी तुला झेंडीवाला म्हणालो. मी रडलो, ते वहिनीनं तुला सांगितलंच असेल.

सोबत एक नक्शा पाठवतो आहे. विहाराशेजारी पोरांची अभ्यासिका बांधायची आहे, तिच्या छताचा. गणित नव्यानं केलं आहे, तीन दिवस लागले. फी घेतली आहे, दुसऱ्यांकडून घेतो तेवढीच. फुकट काम मी आता करणार नाही. समितीनं काम अंकुशला द्यायचं ठरवलं आहे, पण हो-नाही त्यानंच सांगायचं. त्याला म्हणावं, आधी नक्शा पाहा. जिथं सळई कमी वाटेल तिथं लाल पेन्सिलनं खूण कर.

प्रभाकर


सौंसर, ८ जून २०२५

दादा,

आज बसच्या ड्रायव्हरनं नक्शा आणून दिला. तीच खताची पिशवी, तीच गाठ. आत तुझी चिठ्ठी नव्हती आणि या वेळी मी पिशवी झटकूनही पाहिली नाही.

नक्श्यावर एकच लाल खूण आहे, दाराच्या वरच्या तुळईवर. बाजूला अंकुशच्या अक्षरात लिहिलं आहे, 'काका, इथं एक सळई वाढवा. सोमवारी येतो.'

मी गणित पुन्हा करून पाहिलं. दोनदा केलं. तिथं सळई कमी नाही, आहे तेवढी पुरते.

मी वाढवली.

तुझा धाकटा भाऊ,
प्रभाकर